इंटरफेसमधला आकडा

"मेंढरामागनं उठून आलीस आन् आमाला प्रोग्राम शिकवतीस व्हय गं?"

सांगलीच्या ऑफिसात, भर मीटिंगमधी, मालकाचा पुतण्या मला म्हणाला. सगळी खो खो हसली. तिथं धनगराची मी एकटीच, आटपाडीकडची. ह्याची आष्ट्याला उसाची जमीन. अंगाची नुसती लाही झाली. पन नोकरी नवी होती.

आमी दूध डेऱ्यांसाठी प्रोग्राम करतो. ह्यानं झाडून सगळे आकडे एकाच इंटरफेसमधी कोंबले होते. आन् आकडे लागतात म्हणून प्रोग्रामच्या प्रत्येक भागाला, प्रत्येक क्लासला, तो इंटरफेस घ्यायला लावला होता. मी एवढंच म्हणाले होते, "इंटरफेस म्हणजे प्रत्येक भागानं काय काम करायचं त्याचा करार. करारातलाच, कधीच न बदलणारा आकडा असंल तर तिथं ठेवा. दुधातल्या फॅटची खालची मर्यादा उन्हाळ्यात बदलती. ती बाहेर सेटिंगमधी पाहिजे. न्हाईतर कंपाइल करताना, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत करताना, तो आकडा प्रत्येक क्लासमधी उतरतो. मागनं इंटरफेस बदलला तरी बाकीच्यात जुनाच राहतो."

उन्हाळा आला. एका डेरीनं मर्यादा खाली आणली. ह्यानं इंटरफेसची तेवढी एक फाइल बदलून गावोगावच्या दूध केंद्रांवर पाठवली. बाकीचे क्लास परत कंपाइल केलेच न्हाईत. प्रोग्राम जुन्याच आकड्यावर चालला. चांगलं दूध नापास व्हायला लागलं.

आज दुपारी त्या डेरीचे चेअरमन ऑफिसात आले. संगं एक मावशी, दूध घालणारी. तिला बस म्हणून कुणी म्हणालं न्हाई. उभ्यानंच बोलली, "पानी घालती म्हनले गं मला. सगळ्या गावाफुडं. किटली वतून दिली माजी."

पुतण्यानं माझ्याकडं बोट केलं. "चूक हिची हाय. माग गं माफी."

हात जोडले असते तर सुटले असते. पन त्या बाईचं तोंड बघितलं आन् डोस्कं सणकलं.

"चूक माझी न्हाई. माफी मागणार न्हाई." मावशीकडं वळले. "मावशी, तुमच्या दुधात पानी नव्हतं. आमच्या प्रोग्राममधी आकडा जुना राहिला. ह्यांच्यामुळं."

"उद्यापासनं येऊ नको तू!" पुतण्या ओरडला.

चेअरमन खाली बघत म्हणाले, "गावात कशाला बोभाटा? मिटवून टाका इथंच."

न्हाई मिटवायचं. किटली गावापुढं ओतली ना? मग खरंबी गावापुढंच सांगायचं. उद्या सकाळी दूध घालायला सगळी जमतील, तवा मी मावशीच्या गावच्या केंद्रावर उभी असंन. मावशीला चोर कुणी केलं ते नाव घेऊन सांगणार. अडवायचं त्यानं अडवून बघावं.