तिसरा बोल्ट

डावेकाका डावखुरे नव्हते. लिहायला, जेवायला, कुणाच्या पाठीत धपाटा घालायला त्यांचा उजवाच हात पुढे यायचा. नाव पडलं ते बस डेपोत. तिथं चाकं उतरवायला एका बसमागे दोन माणसं असत, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. काका एकतीस वर्षं डाव्या अंगाला. आणि त्या जुन्या बसगाड्यांची एक खोड होती, डावीकडच्या चाकांचे आटे उलटे. चालता चालता नट सैल पडू नयेत म्हणून केलेली सोय. सगळं जग जो नट डावीकडे फिरवून सोडवतं, तो काका उजवीकडे फिरवून सोडवायचे.

हाताला असं वळण लागलं की ते घरापर्यंत आलं. बरणीचं झाकण उघडायला दिलं की काका ते आणखी घट्ट करून परत देत. काकूंनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांना बरण्यांपासून तोडलं, आणि हे बाहेर कुठं बोलायचं नाही असं नवराबायकोत ठरलं. ठरलं म्हणूनच तर सगळ्या गल्लीला माहीत होतं.

स्वतःची मोटार काकांनी कधी घेतली नाही, पण दुसऱ्याच्या मोटारीबद्दल त्यांचं मत नेहमी तयार असे. रस्त्यात कुणी बॉनेट उघडून उभा दिसला की काका मागे हात बांधून थांबत आणि "आधी कुणी हात लावला होता याला?" असं विचारत. हा प्रश्न ज्याला विचारला त्याचा अर्धा जीव तिथंच जातो. काकांना ते ठाऊक होतं.

त्यांचे व्याही गणिताचे मास्तर. शांत, टापटिपीचे, गाडी घेतल्यापासूनच्या सगळ्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवणारे. मुलानं, म्हणजे काकांच्या जावयानं, नवं घर घेतलं होतं, ते बघायला एका रविवारी सकाळी चौघं मास्तरांच्या गाडीतून निघाले. पुढे मास्तर आणि विहीणबाई, मागे काका आणि काकू. एका शाळेच्या लांबलचक भिंतीपाशी गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून बघतात तर मागचं चाक जमिनीला टेकलेलं. डावीकडचं.

मास्तरांनी शांतपणे गाडीचं पुस्तक काढलं, चष्मा चढवला. "पान एकशे बारा. यात बाणाचं चित्र दिलंय..."

"ठेवा हो ते पुस्तक," काका बाह्या दुमडत म्हणाले. "अशी चाकं किती उतरवली याचा हिशेब डेपोलाही लागायचा नाही. तुम्ही सावलीत बसा."

"बरं झालं बाई, तुम्ही बरोबर होतात," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे सगळं पुस्तकात बघून चालतं."

एवढं कौतुक काकांना पुरेसं होतं. त्यांनी पाना लावला आणि जोर दिला. उजवीकडे. बोल्ट हलला नाही. मग ते डेपोतल्यासारखे पान्याच्या दांड्यावर उभे राहिले, भिंतीला हात टेकला आणि अंगाचा भार टाकला. टक् असा आवाज झाला, आणि बोल्टचं डोकं रस्त्यावरून घरंगळत काकूंच्या चपलेपाशी आलं.

"गंजलाय," काका म्हणाले. "आधी कुणी हात लावला होता याला?"

"आमचा चौकातला टायरवाला," मास्तर म्हणाले. "मागच्याच महिन्यात चाकं बदलून दिली त्यानं. फार सरळ माणूस आहे."

"सरळ असेल. आवळलाय मात्र गाढवासारखा."

दुसरा बोल्टही तसाच गेला. फक्त या वेळी तुटायच्या आधी पान्याखाली लोखंड मऊ पडल्यासारखं झालं, ओल्या दोरीसारखं ताणलं गेलं. ही गोष्ट चाकाला हात न लावलेल्या माणसाला कळली नसती. सुटणारा बोल्ट आधी कर्रकन ओरडतो आणि मग हलका होतो. ताणला जातो तो आवळला जाणारा.

ही बस नव्हती. हे आटे सुलटे होते.

आता बघा, इथं एखाद्यानं जीभ चावली असती, पाना दुसरीकडे फिरवला असता, दोन बोल्टांवर विषय मिटला असता. काकांनी पाना तिसऱ्या बोल्टला लावला. मागे तिघं उभे होते. मास्तरांच्या हातात पुस्तक होतं आणि पान एकशे बारावर त्यांचं बोट. पाना उलटा फिरवायचा म्हणजे तिघांदेखत सांगायचंच, की एकतीस वर्षांच्या फिटरला चाक सोडवता येत नाही. काकांनी एकदा काकूंकडे बघितलं. काकू त्यांच्या हातांकडे बघत होत्या, अगदी बरणीकडे बघत तशा.

काका पुन्हा दांड्यावर चढले आणि तिसरा बोल्ट तोडला. उजवीकडे फिरवून, समजून उमजून.

"चौथ्याला हात लावण्यात अर्थ नाही," ते खाली उतरून म्हणाले. "ज्यानं करून ठेवलंय त्यालाच बोलवा."

टायरवाला स्कूटरवरून अर्ध्या तासात आला. किडकिडीत, कानावर पेन्सिल. तो उतरण्याआधीच मास्तरांनी सुरुवात केली. मास्तर ओरडत नसत. वर्गात पेपर परत देताना बोलावं तसे बोलत.

"तीन बोल्ट तुटले. रस्त्यात, बायकामाणसं बरोबर असताना. मी तुमचं नाव साऱ्या शिक्षकांना सांगितलं होतं."

"सर, मी हातानंच आवळतो. माझ्याकडे मशीन नाही."

"हे आमचे व्याही. बसची चाकं उतरवण्यात यांची हयात गेली. ते सांगतायत."

टायरवाल्यानं काकांना नमस्कार केला आणि खाली बसला. उरलेल्या बोल्टला पाना लावून त्यानं एका हातानं डावीकडे झटका दिला. कर्रकन आवाज आला आणि बोल्ट सुटला. मग जॅक लावून चाक उतरवलं. तुटलेल्या बोल्टांचे तीन बुंधे बाहेर डोकावत होते. त्यानं पहिला दोन बोटांत धरला आणि फिरवला. बुंधा फिरत फिरत अलगद बाहेर आला. दुसरा, तिसरा, तसेच. गंजाचा कण नाही.

त्यानं तिन्ही बुंधे तळहातावर घेतले आणि काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरचं शाळेचं वेळापत्रक वाचायला लागले.

"चौथा बरा इतक्या सहज सुटला?" विहीणबाईंनी विचारलं.

टायरवाल्यानं पिशवीतून त्याच मापाचे तीन बोल्ट काढले, दुसरं चाक चढवलं, चारही बोल्ट हातानं आवळले. जाताना म्हणाला, "सर, माझं चुकलं असेल तर माफ करा." आणि स्कूटरला लाथ मारून गेला.

गाडी निघाली. मागच्या सीटवर काकांना वाटत होतं की आपल्याला कुणीतरी चाकासारखं खाली ठेवलंय आणि वरून गाडी हळूहळू टेकवतंय.

पुढे विहीणबाईंनी फोन काढला. "कॉलनीच्या ग्रुपवर टाकते. लोक त्याच्याकडे लहान मुलं घेऊन जातात गाडीतून." त्या टाइप करता करता मोठ्यानं वाचत होत्या. "चौकातल्या टायरवाल्याकडे कुणीही जाऊ नये. आमच्या जिवावर बेतलं होतं. बरोबर आहे ना हो?"

"बेतलं नव्हतं, पण बेतू शकलं असतं," मास्तर म्हणाले. "तसं लिही."

काकूंनी खिडकीकडे तोंड केलं. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं काकांना आयुष्यातल्या सगळ्या बोलण्यांहून जड गेलं. या बाईनं त्यांची झाकणं तीस वर्षं झाकली होती. हे मात्र झाकायला ती तयार नव्हती.

"थांबा," काका म्हणाले.

"मळमळतंय का?" मास्तरांनी आरशातून विचारलं.

"ते पाठवू नका, विहीणबाई. बोल्ट मी तोडले. डेपोत आमचे आटे उलटे असायचे. मी उलटाच फिरवत बसलो."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "तिन्ही?"

"दोन चुकून."

मास्तर गणिताचे. त्यांनी वजाबाकी केली. "आणि तिसरा?"

काकांच्या मांडीवर दोन्ही हात होते, काळ्या तेलाचे. "तिसऱ्याच्या वेळी कळलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही सगळे बघत होतात."

विहीणबाईंनी लिहिलेलं पुसलं. त्यांच्या जिभेची ख्याती मोठी, पण त्या दिवशी त्या काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. मास्तरांनी गाडी वळवली. नवं घर राहिलं तिकडेच.

दुकानात टायरवाला ट्यूबला ठिगळ लावत होता. काका उतरायच्या आत मास्तर त्याच्यापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. "मी तुम्हाला विनाकारण बोललो."

ज्याची काही चूक नव्हती तो माणूस माफी मागत होता, आणि ज्याची होती तो अजून गाडीच्या दारातून एक पाय बाहेर काढत होता. काका धडपडत पुढे आले. सारं सांगितलं, तिसऱ्यासकट. मान वर झाली नाही.

टायरवाल्यानं हात पुसले. "बुंधे हातात आल्यावर मला कळलं होतं, काका. मला वाटलं, तुम्ही तिथंच सांगाल. म्हणून गप्प राहिलो." त्यानं ट्यूब पुन्हा उचलली. "दुकानात परत येईपर्यंत वाटत होतं."

काका मास्तरांच्या मागे उभे राहिले, आणि टायरवाला पुन्हा ठिगळावर वाकला.