गाडीला बांधलेला नवस

येरमाळ्याजवळ डोंगरावरचं येडाईचं देऊळ दिसलं की या रस्त्यानं जाणारा माणूस हात जोडतो. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा एक हात छातीशी नेतो. मी पावणेदोन वर्षं हात जोडले नाहीत. दिवसातून दोनदा त्या डोंगराखालून जायचे आणि दोन्ही वेळा मुद्दाम समोरच्या काट्याकडे बघायचे, गाडी किती तापलीय ते दाखवणाऱ्या. देवीशी मी बोलणंच टाकलं होतं. स्वतःविषयी असं लिहायला बरं वाटत नाही, पण अनुभव सांगायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मी ईटच्या एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते आणि राहते धाराशिवला. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास किलोमीटर होतात. तिकडेच खोली का घेत नाही, असं सगळे विचारतात. घरी सासरे आहेत. मी त्यांना मामा म्हणते. त्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे, शब्द अडखळत येतो, आणि स्वतःच्या हातानं बांधलेलं घर सोडायला ते तयार नाहीत. दिवसभर शेजारच्या काकू त्यांच्याकडे बघतात. साडेसहाला मात्र त्यांना आपल्या घरी जावं लागतं. एसटीनं दोन ठिकाणी गाडी बदलून घरी यायला आठ वाजतात, म्हणून आमची सतरा वर्षांची जुनी गाडी. ती बंद पडली की नोकरी सोडायची, एवढा साधा मामला होता. आणि नोकरी सुटली असती तर माझं काय झालं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. दिवसभरात माणसांचा आवाज मला तिथंच ऐकू यायचा.

गाडी मुळात ह्यांची. हे होते तोवर मला गाडीतलं एवढंच कळायचं की दार जोरात आपटलं की हे ओरडतात. हे गेल्यावर मात्र मी सगळं शिकले. पहाटे इंजिन गार असताना बॉनेट उघडायचं, पाण्याची पातळी बघायची, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघायची, चारही चाकांची हवा तपासायची. पट्टा चिरका आवाज करतोय का ते कान देऊन ऐकायचं. डिकीत पाण्याचे दोन कॅन आणि एक जास्तीचा पट्टा कायमचा. दवाखान्यातले लोक म्हणायचे, मॅडम पेशंटपेक्षा गाडीला जास्त जपतात. खरंच होतं ते. पेशंट बरे होऊन घरी जातात, माझ्याजवळ उरली होती ती गाडीच. रस्त्यानं मी तिच्याशी बोलायचे. घरी आल्यावर मामांना जेवण, गोळ्या, उशी सरळ करणं. सून म्हणून जे करायचं ते सगळं करायचे, फक्त बोलायचे नाही. ह्यांचं नाव निघालं तर त्यांना त्रास होईल, म्हणून मी ते कधी काढलंच नाही.

आता गाडीला बांधलेल्या कपड्याचं सांगते. ह्यांना उपचारासाठी सोलापूरला न्यायचं ठरलं, तेव्हा जाण्याआधी आम्ही येडाईला गेलो होतो. ह्यांनी देवळातून लाल चुनरी आणली आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर पसरून बांधली. म्हणाले, "बरा झालो की आपण दोघं येऊन गाठ सोडू." हे बरे झाले नाहीत. गाठ तशीच राहिली. वाऱ्यापावसानं चुनरी चिरायला लागली तेव्हा मी ती तिथल्या तिथं, गाठ न सोडता, मागून जाड मांजरपाट लावून शिवून घेतली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आणखी एक थर लावला. देवीवर राग धरून बसलेली बाई देवीच्याच कपड्याला ठिगळं लावत होती, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

यंदा दसऱ्यानंतर गाडी तापायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवरही. पंधरा दिवसांत दोनदा वाटेत थांबली. तीन मिस्त्री झाले. एकानं पाण्याचा पाइप बदलला, दुसऱ्यानं थर्मोस्टॅट, तिसऱ्यानं पंखा खोलून पुन्हा बसवला. तिघांनीही बॉनेट उघडण्याआधी चुनरीला हात लावून नमस्कार केला, आणि तिघांनाही मी बजावलं, "तेवढं सोडून काय ते बघा." देवीच्या वस्तूला कोण हात लावणार? शेवटचा म्हणाला, ताई, आता विकून टाका. त्या दिवशी मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. वाटेत आणखी एकदा थांबली तर दुसऱ्या दिवशी द्यायचा, असं ठरवून टाकलं.

आणि ती थांबली. दिवाळी तोंडावर आली होती, तेरखेड्याला फटाक्यांच्या दुकानांपुढं ही गर्दी. तिथून कशीबशी बाहेर पडले आणि येरमाळ्याच्या अलीकडे काटा लाल रेघेला टेकला. पावणेपाच वाजले होते. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि खाली मातीत बसले. समोर तोच डोंगर होता. मी पावणेदोन वर्षांनी देवीशी बोलले, आणि तेही भांडण्यासाठी. म्हटलं, "माणूस घेतलास, आता हेही घे. सगळंच घे एकदाचं." मोठ्यानं म्हटलं. रडू आवरेना.

रस्त्यालगतच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. माझा आवाज त्या धडधडीत कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण यंत्र थांबलं आणि एक म्हातारे गृहस्थ बांध ओलांडून आले. भुवयांपर्यंत भुसा, डोक्याला पटका.

"ताई, झाकणाला हात लावू नगा, वाफ तोंडावर यील," एवढं बोलून ते गाडीपुढं उकिडवे बसले. जाळीकडे बघत राहिले. मग विचारलं, "ह्यो कपडा कुणी शिवला?"

"मी."

"लई झाक शिवलाय. वारंसुदिक आत जाईना." त्यांनी ट्रॅक्टरकडे बोट केलं. "आमचं रोजचंच हाय बघा. मळणीत ट्रॅक्टरच्या जाळीवर भुसा बसतो. घंट्या-दीड घंट्यानं झाडला न्हाय की तापलाच. इंजनाला पाणी लागतं तसं वारंबी लागतं."

मी म्हटलं, तो देवीचा आहे, काढता येणार नाही. मग त्या परक्या माणसाला सगळं सांगितलं, नवसाचं, गाठीचं, हे सोडायला येणार होते त्याचं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. शेतातली माणसं हातावर हात ठेवून वाट बघत होती, एकानं हाकही मारली, पण म्हाताऱ्यांनी तिकडे पाहिलं नाही.

शेवटी म्हणाले, "आईला एवढं पांघरून कशाला, ताई? तिला काय हीव वाजतंय व्हय? गाठ तिनं न्हाय धरली. तुमी धरलीया." मग आवाज खाली आणून, "सोडा. तुमीच सोडा. म्या न्हाय हात लावणार."

चिखलानं गाठ दगडासारखी झाली होती. त्यांनी विळा पुढं केला. मी नको म्हटलं. नखांनी सोडवत बसले, एक नख मोडलं, वेळ किती गेला कळलं नाही. गाठीच्या आतला कपडा अजून लालभडक होता. ह्यांच्या हातांनी पिळलेला. तो उलगडला तेव्हा मला वाटलं होतं की मी कोसळेन. तसं काही झालं नाही. मी फक्त कपड्याची घडी घातली.

मांजरपाटाच्या मागं रेडिएटरवर भुसा, किडे, धूळ यांचा बोटभर थर साचला होता. म्हाताऱ्यांनी फवारणीचा पंप आणून आतून बाहेरच्या बाजूला पाणी मारलं, इंजिन निवल्यावर पाणी भरून दिलं आणि नमस्कार करायच्या आत बांध ओलांडून गेले. मळणी पुन्हा सुरू झाली. येडशीचा घाट आला, गेला, काटा निम्म्यावरून हलला नाही. नंतर आठेक दिवसांनी मी पेढे घेऊन त्या भागात त्यांना शोधलं. सापडले. त्यांना मी आधी ओळखूच आले नाही. मग हसून विचारलं, "तापती का आता?" नाही म्हटल्यावर त्यांचा त्या गोष्टीतला रस संपला. कुणी म्हणेल यात चमत्कार कसला, जाळी तुंबली होती. असेल. मला वाद घालायचा नाही.

त्या संध्याकाळी मी साडेसहाला पाच मिनिटं असताना घरी पोचले. काकू गेल्या. मामा दारातल्या खुर्चीत होते, आणि त्यांची नजर गाडीच्या पुढच्या बाजूवर खिळली होती. मी घाबरले. घडी केलेला कपडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "मामा, मी गाठ सोडली. माफ करा. ह्यांनी बांधलेली होती."

ते डाव्या हातानं चुनरीवरून, मग माझ्या टाक्यांवरून बोटं फिरवत राहिले. बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "मला वाटलं... तू इसरलीस त्याला."

मी त्यांच्या पायाशी बसले. पावणेदोन वर्षं एका घरात दोघं त्याच माणसासाठी झुरत होतो, आणि मी त्यांना जपते म्हणून गप्प होते. त्या दिवशी आम्ही ह्यांच्याविषयी बोललो. मामांनी लहानपणीच्या खोड्या सांगितल्या, एकेका वाक्याला मिनिट मिनिट लागत होतं, तरी मी मधेच वाक्य पूर्ण केलं नाही. भात गार झाला. राजीनामा पर्समध्येच होता, तो मी चुलीत घातला.

आता डोंगर दिसला की मी हात जोडते. काही मागत नाही. मी आईला रागानं म्हटलं होतं, सगळंच घे. तिनं फक्त गाठ घेतली, आणि ती मला सोडवत नव्हती म्हणून एक माणूस पाठवून दिला. संध्याकाळी घरी गेल्यावर मी आधी मामांपाशी बसते. ते विचारतात, "आज काय झालं?" आणि मी ईटपासून सांगायला लागते.