मालनचं पोट

पालीच्या यमुनाबाईंना लोक चौकस म्हणत, आणि त्यात कौतुक कमीच असे. नवरा गेल्यावर त्या भावाच्या घरी आल्या. भाऊ मुंबईला गिरणीत; घरात भावजय विमला आणि तिची सात वर्षांची मालन.

मालनचा परकर दिवसाढवळ्या भरायचा. पातळ, घाण वासाचं. विमला जायफळ उगाळून द्यायची, कधी पाठीत धपाटा घालायची. शाळेत पोरी शेजारी बसेनात, तेव्हा मालनने शाळाच सोडली.

यमुनाबाईंना वेगळंच खटकलं. हगवणीने पोर सुकतं. हिचं पोट तर टणक फुगलेलं. शिवाय जेवण झालं की ती दाराआड पाय आवळून उभी राही, तोंड लालबुंद.

"काय गो, कळ आली तर जात का नाय?"

"दुखतं."

"आणि परकरात होतं तेव्हा?"

"तेव्हा कळतच नाय, आते. वास आला की कळतं."

कळत नाही म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. मालनला घेऊन त्या मोटारीने रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी पोट चाचपलं.

"ही हगवण नाही, बाई. आत मळाचा खडा साचलाय. दाबून धरून जागा ताणली गेली, म्हणून कळ जाणवत नाही. पातळ तेवढं कडेनं झिरपतं. जायफळ बंद करा आणि पोट साफ व्हायचं हे औषध रोज द्या."

"पण मुळात दाबायला का लागली?"

"ते तिलाच विचारा."

परतताना मालनने सांगितलं. शिमग्यात तापातून उठल्यावर परसाकडे एकटीच गेली होती. खडा होऊन रक्त आलं. आतडं बाहेर पडतंय असं वाटलं तिला.

"वन्सं, हगणाऱ्या पोरीला पोट साफ करायचं औषध?" विमलाला पटेना. तरी तिने दिलं. जेवणानंतर यमुनाबाई मालनला परसात बसवत आणि जवळच कुळीथ निवडत गप्पा मारत. परकर पुन्हा भरला तर मुकाट्याने धुवायचा, एवढंच. दिवाळीपर्यंत असं चाललं. मग मालन शाळेत जाऊ लागली.

पुढे मालनचं ऐकून शेजारची चिमा आपल्या अंथरूण ओलं करणाऱ्या बाबल्याला घेऊन आली. हे कोडं यमुनाबाईंना सुटेना, म्हणून त्या दोघांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "मारू नका. वाढत्या वयात बहुतेकांचं थांबतं."

"का थांबतं?"

"ते आम्हांलाही नीट ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले.

यमुनाबाईंना या उत्तराचं फार नवल वाटलं. वाटेत त्यांनी तो प्रश्न चिमाला विचारला, आणि मग बाबल्यालाही.