छटाकचे एकशे वीस ग्रॅम

छटाकला पहिल्यांदा काट्यावर ठेवलं तेव्हा पडद्यावर शून्य आलं.

काटा ट्रकचा होता. साठ टनांचा, अख्खी बस उभी राहील एवढा लांब. त्याच्या मधोमध कपड्यांच्या टोपलीत सतरा दिवसांची मुलगी, आणि केबिनच्या खिडकीत तिचे आजोबा, म्हणजे आमचे काका. मागे सिमेंटचा ट्रक हॉर्न वाजवत होता. काकांनी त्याला हातानेच गप्प केलं आणि पडद्याकडे पुन्हा पाहिलं. शून्य. दहा किलोच्या खालचं या काट्याला दिसतच नाही, हे काकांना तीस वर्षं माहीत होतं. तरीही त्यांचं तोंड उतरलं.

"इथे कुणीच नाही म्हणतोय," ते मला म्हणाले.

मी त्या केबिनमध्ये पावत्या टाईप करते आणि काकांच्याच घरी भाड्याने राहते. साहित्यात एम.ए. केल्यावर मिळालेली ही माझी पहिली नोकरी. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. तीन आकडे, विशेषण एकही नाही. काकांना विशेषणं चालत नाहीत. एका ड्रायव्हरने माल साधारण नऊ टन आहे म्हटलं, तर काकांनी त्याला सांगितलं की साधारण हा शब्द मिठाला वापर, इथे नको.

ते काटेवाले काका म्हणूनच ओळखले जातात. त्यांच्या हातून एक किलो इकडचा तिकडे झालेला नाही. ड्रायव्हरांच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ आहेत. पाण्याची टाकी भरून आणणं, एक चाक काट्याबाहेर ठेवणं, सगळं. एकदा वाळूच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली दोन माणसं झोपवून आणली होती. काकांनी काही तपासलं नाही. ते नुसते थांबले. पाच मिनिटांनी ताडपत्री शिंकली. "तुझ्या वाळूला सर्दी झालीय," काका ड्रायव्हरला म्हणाले, "घरी ने तिला."

असा हा माणूस. याच माणसाने पुढे जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणूनच लिहिते आहे.

छटाक ही त्यांच्या मुलीची मुलगी. नाव आजोबांनीच पाडलेलं. जन्माला आली तेव्हा तिचा वरचा ओठ डावीकडे दुभंगलेला होता, थेट नाकपुडीपर्यंत. आत टाळूलाही फट होती. तिची आई, म्हणजे आमची ताई, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. शेजारच्या मावशी बाळ बघून गेल्या आणि जाता जाता दारात म्हणाल्या की दिवस असताना ग्रहणात कात्री हातात घेतली असेल. त्या दिवसापासून ताई बाळाच्या तोंडावर रुमाल टाकूनच खोलीबाहेर पडायची.

हॉस्पिटलात काकांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारला. चूक कुणाची? डॉक्टरांनी कागदावर एक चेहरा काढून दाखवला. पोटात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ओठाचे आणि टाळूचे भाग दोन्हीकडून वाढत येतात आणि मध्ये जुळतात. काही बाळांत ते जुळायचे राहतात. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. आईने काही केलं म्हणून होत नाही. कात्रीने तर नाहीच नाही.

काका घरी आले ते चपलांसकट मावशींच्या दारात गेले. कात्रीचा संबंध शून्य, एवढंच म्हणाले आणि परतले. मावशी त्या वेळी दुसऱ्याच कुणाशी बोलत होत्या.

डॉक्टरांनी पुढचंही समजावलं होतं. आधी ओठ, साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. टाळू नंतर, वर्षाच्या आसपास. मग बोलायला लागली की बोलण्याचे धडे, अधूनमधून कानांची तपासणी, पुढे दात. लांबचा रस्ता आहे, पण बांधलेला आहे. ओठासाठी तीन अटी. रक्त चांगलं हवं, सर्दीखोकला नको आणि वजन पाच किलोच्या घरात हवं. हे डॉक्टर बाहेरगावचे. दोन महिन्यांतून एकदा यायचे, चार दिवसांसाठी. छटाकसाठी दहा आठवड्यांनंतरचा एक गुरुवार ठरला. तो हुकला तर आणखी दोन महिने. म्हणजे आणखी दोन महिने रुमाल.

काकांनी बाकीच्या दोन अटी ऐकल्याच नाहीत. वजन म्हटल्यावर तो विषय त्यांचा होता.

ट्रकच्या काट्याने अपमान केल्यावर त्यांनी किराणावाल्याकडून छोटा काटा मागून आणला. आधी तो तपासला. त्यांच्याकडे पितळी वजनांची एक पेटी आहे, आत मखमल, प्रत्येक वजनावर सरकारी शिक्का. शंभर, पन्नास, वीस, दहा. किराणावाल्याचा काटा चार ग्रॅम जास्त दाखवत होता. काकांनी त्याला ते सांगितलं. गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. काटा बरेच दिवस आपल्याकडेच ठेवायला त्याने आनंदाने परवानगी दिली.

खरी अडचण दुधाची होती. टाळूला फट असली की बाळाला ओढून पिता येत नाही. काकांना हे पटेना. हॉस्पिटलातल्या बाळांच्या विभागाच्या सिस्टर, चष्मा साखळीला बांधलेल्या, बुटक्या, वीस वर्षं हेच काम करणाऱ्या. त्यांनी काकांच्या हातात सरबताचा पेला आणि भोक पडलेली नळी दिली आणि म्हणाल्या, ओढा. काकांनी गाल आत जाईपर्यंत ओढलं. पटलं.

मग सिस्टरांनी मऊ बाटली दिली. आईचं दूध काढून त्यात भरायचं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं. तिने घोट घेतला की बाटली हलकेच दाबायची, ती थांबली की थांबायचं. मधून मधून ढेकर. अर्ध्या तासाच्या वर नाही, नाहीतर प्यायलेलं सगळं पिण्याच्या कष्टातच जिरून जातं.

काका शिकले. पहिल्या दिवशी त्यांनी घाईने दाबलं आणि दूध छटाकच्या नाकातून येऊन थेट त्यांच्या चष्म्यावर उडालं. काकांनी चष्मा पुसला नाही. तो तसाच काट्यावर ठेवला, मग पुसून पुन्हा ठेवला आणि वहीत वाया गेलेलं दूध लिहिलं. त्यानंतर ते दुधाआधी लाळेरं तोलायचे आणि दुधानंतरही तोलायचे.

"अहो, नात आहे ती," काकू म्हणाल्या. "खडी नाही."

काका म्हणाले, खडी असती तर एवढा त्रास नव्हता.

रोज सकाळी सात वाजता, लंगोट वजा करून, छटाक तोलली जायची. आकडा वहीत. जावई दूर कामाला होता. त्याचा रोज फोन यायचा. तो आधी ताईची चौकशी करायचा, ही त्याची चूक. काका फोन काढून घ्यायचे आणि आकडा सांगायचे. ड्रायव्हरसुद्धा विचारायला लागले. आज किती? कालच्यापेक्षा अठ्ठावीस जास्त. ट्रक हॉर्न वाजवून निघून जायचा.

आठव्या आठवड्यात छटाकला सर्दी झाली. नऊ दिवस आकडा जागचा हलला नाही. दोन दिवस तर खाली आला. काकांनी तोही लिहिला. लिहिताना पेन इतकं दाबलं की पुढच्या पानावर उमटलं. त्यांचं जेवण कमी झालं. मला एका पावतीवर त्यांनी गाडीच्या नंबराच्या जागी छटाकचं वजन सांगितलं आणि मी ते टाईप केलं. तो ट्रक तसाच गेला.

सर्दी गेली, आकडा पुन्हा चढू लागला. पण नऊ दिवस गेले ते गेलेच. शेवटची तपासणी सोमवारी होती, ऑपरेशन गुरुवारी. सोमवारी सकाळी छटाक भरली चार हजार आठशे ऐंशी.

काका बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग पेटी घेऊन आतल्या खोलीत गेले. मला वाटलं काटा पुन्हा तपासणार.

हॉस्पिटलात ताईने बाळ सांभाळायचं, काकूंनी पिशव्या आणि मी काका, अशी वाटणी झाली होती. सगळ्यांत कठीण काम माझं, असं काकू म्हणाल्या. त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

छटाकचं रक्त चांगलं निघालं. छाती स्वच्छ. सिस्टरांनी तिचे कपडे काढले आणि लंगोटासकट तिला काट्यावर ठेवलं. लंगोटाचे चाळीस ग्रॅम वजा करायची त्यांची पद्धत होती, आणि ती काकांना माहीत होती. आकडा थोडा हलला आणि थांबला. चाळीस वजा जाऊन बरोबर पाच हजार.

ताईने डोळे मिटून घेतले. काकूंनी हात जोडले. काका भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. ते गेल्या वर्षीचं होतं.

सिस्टर आकड्याकडे बघत राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"वीस वर्षं बाळं तोलतेय मी," त्या म्हणाल्या. "पाच हजार दहा बघितलंय, चार हजार नऊशे पंच्याण्णव बघितलंय. असं घासूनपुसून पाच हजार कुणी भरलेलं नाही."

त्यांनी छटाकला उचललं. कुठेतरी टण् असा बारीक आवाज झाला. बाळं असा आवाज करत नाहीत. लंगोटाच्या मागच्या घडीतून एक मऊ रुमाल निघाला, रुमालातून दोन पितळी वजनं. एक शंभर, एक वीस.

मी सगळं आयुष्य पुस्तकांत माणसांचे अधःपात वाचत आलेय. एकशे वीस ग्रॅमचा पहिल्यांदाच बघत होते. खोटं करायचं तेही तुटीइतकंच, एक ग्रॅम जास्त नाही.

"अहो," काकू म्हणाल्या. त्या एका शब्दात पस्तीस वर्षांचा संसार होता.

सिस्टरांनी वजनं उलटी करून पाहिली. "शिक्काही आहे की यांच्यावर."

"दरवर्षी तपासून घेतो," काका म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

"आजोबा, तुमच्या काट्यावर अशी गाडी आली तर काय करता?"

काकांनी खाली बघितलं. "परत पाठवतो."

ताईने आपला रुमाल उचलला आणि छटाकच्या तोंडावर टाकला. निघायचं असल्यासारखा. काकांनी ते पाहिलं. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

एवढ्यात डॉक्टर आत आले. सिस्टरांनी त्यांच्या तळहातावर दोन्ही वजनं ठेवली आणि खरा आकडा सांगितला. डॉक्टरांना सगळं कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, घरी काही लिहून ठेवलंय का?

काकांनी वही पुढे केली. आरोपीने पुरावा द्यावा तशी. डॉक्टर उभ्या उभ्या पानं उलटत गेले. रोजचा आकडा. लाळेरं. चष्मा. चष्म्यापाशी ते थांबले. मग सर्दीचे नऊ दिवस, आणि त्यांतले ते दोन, आकडा उतरलेले.

"हे खाली आलेलेही लिहिलेत," ते म्हणाले.

"आले होते," काका म्हणाले.

डॉक्टरांनी शेवटचं पान सिस्टरांना दाखवलं. गेले बारा दिवस रोज तीसच्या आसपास चढ. मग ते ताईशी बोलले, काकांशी नाही. पाच किलो म्हणजे काही भिंत नव्हे. बाळ भूल सोसेल का, चांगलं वाढतंय का, याचा तो अंदाज. ही वाढतेय, रक्त उत्तम आहे, सर्दी नाही. गुरुवारी आणा.

अंदाज या शब्दाला काकांचा खांदा जरासा उडाला.

"गुरुवारी सकाळी पुन्हा तोलणार," सिस्टर म्हणाल्या. "लंगोटाशिवाय. आणि आजोबांशिवाय."

दोन्ही वजनं त्यांनी टेबलाच्या खणात टाकली. गुरुवारी परत मिळतील.

मधले तीन दिवस काकांनी घरचा काटा उघडलाच नाही. सातच्या ठोक्याला ते अंगणात जाऊन उभे राहायचे. गुरुवारी हॉस्पिटलच्या बोळात ते भिंतीकडे तोंड करून थांबले. सिस्टर बाहेर आल्या.

"चार हजार नऊशे सत्तर."

"म्हणजे तीस कमी," काका भिंतीलाच म्हणाले.

"चालेल म्हणालेत डॉक्टर. आत नेलीसुद्धा तिला."

चालेल. तीस वर्षांत हा शब्द मी सोडा, एकाही ड्रायव्हरने काकांच्या तोंडून ऐकलेला नव्हता. त्यांनी तो आवाज न करता एकदा म्हणून पाहिला. मला ओठ हलताना दिसले. मग ते बाकावर बसले आणि त्यांनी काकूंच्या हातातली पिशवी उगाचच आपल्या मांडीवर घेतली.

दुपारी छटाक दिसली. ओठ एकसंध, त्यावर बारीक टाक्यांची रेघ, जरा सूज. टाक्यांना हात लावू नये म्हणून दोन्ही कोपरांना मऊ पट्ट्या. ती एखाद्या चिडलेल्या हवालदारासारखी दिसत होती. ताई तिच्याकडे बघत राहिली.

"आधी ती हसायची ना," ती हळूच म्हणाली, "ते मोठ्ठं हसू. त्याचीही सवय झाली होती मला."

काका डॉक्टरांना गाठायला गेले. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी विचारलं, टाक्यांचं वजन किती धरायचं? डॉक्टर म्हणाले, हे त्यांना कुणी कधी विचारलेलं नाही. नगण्य असावं. नगण्य हा आकडा नाही, काका म्हणाले. शेवटी सिस्टरांनी दोन पितळी वजनं त्यांच्या खिशात घातली आणि त्यांना दाराबाहेर काढलं.

घरी जाताना वाटेत आमचा काटा लागतो. काकांनी रिक्षा थांबवली. ताईने रुमाल केव्हाच पिशवीत टाकला होता. रांगेतले दोन ड्रायव्हर खाली उतरून बघायला आले, आणि बघून एक म्हणाला, आजोबांवर गेली नाही हे बरं झालं.

काकांनी नातीला टोपलीसकट काट्याच्या मधोमध ठेवलं. खिडकीतून पडदा दिसत होता. शून्य.

"टाळूच्या वेळेला वर्षाची होईल," ते मला म्हणाले. "दहा किलोच्या घरात. तेव्हा दिसेल याला." मग त्यांनी वही काढली आणि सकाळचा आकडा लिहिला. चार हजार नऊशे सत्तर. पुढे दोन शब्द: टाके वेगळे.

"तोवर उचला तिला," काकू म्हणाल्या. "मागे खडीचा ट्रक थांबलाय."