आत्याची सहावी सही

आमच्या आत्याकडे पुस्तकाला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, मग कोरडे करायचे आणि मग ते कोरडे हात तिला दाखवायचे. या नियमातून कुणाचीच सुटका नव्हती. एकदा विम्याचा एजंट आला होता. त्या बिचाऱ्याने नुसतं कपाटाकडे बोट दाखवून "बरीच पुस्तकं आहेत हो" म्हटलं, तर आत्याने त्याला बेसिनचा रस्ता दाखवला. विमा काही तिने काढला नाही, पण हात मात्र त्याचे स्वच्छ करून पाठवले.

काचेच्या दारांचं ते कपाट बैठकीच्या खोलीत, ऊन पोचणार नाही अशा भिंतीला होतं. त्यात एकाच विषयाची पुस्तकं: सुरुवातीच्या काळात अवकाशात गेलेली माणसं. सगळ्या पहिल्या आवृत्त्या, वेष्टणासकट, आणि निम्म्यांवर त्या त्या माणसाची सही. त्याच पुस्तकांच्या फाटक्या, चहाचे डाग पडलेल्या प्रती पलंगाखालच्या खोक्यात होत्या. त्या वाचायच्या. कपाटातल्या फक्त असायच्या. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, एकदा म्हणाले, "ताई, जेवायची ताटं वेगळी आणि मांडायची वेगळी, तसंच ना हे?" त्यावर ती त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हती.

आणि गंमत बघा, या बाईला उंचीची भयंकर भीती. ती लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. गच्चीवरचे कपडे काढायला शेजारणीला हाक मारते. आमच्याकडे आली की बाल्कनीच्या दाराकडे पाठ करून बसते. मी तिला याबद्दल छेडलं की तिचं उत्तर ठरलेलं असे. "मला जमत नाही म्हणूनच तर ज्यांना जमलं त्यांचं कौतुक. तुला कुणाचं कौतुक वाटतं कधी?" मग मी विषय बदलायची.

नोकरी तिची निवृत्त होईपर्यंत बँकेत. काउंटरच्या मागे काचेच्या केबिनमध्ये बसून चेकवरच्या सह्या तपासायच्या, खातेदाराच्या नमुना सहीशी ताडून. सही पटली की हिरव्या शाईत "पास" आणि आपली आद्याक्षरं. नाही पटली की चेकला एक पिवळी चिठ्ठी टाचून परत. चिठ्ठीवर छापलेलंच असे: "सही जुळत नाही". मॅनेजर आले आणि गेले, पण तिने एकदा चिठ्ठी लावली की ती काढायची कुणाची छाती झाली नाही. एका बड्या खातेदाराने तिच्यासमोर उभं राहून चारदा सही करून दाखवली, तरी तिने पास केली नाही. नंतर कळलं की तो खातेदाराचा जुळा भाऊ होता. ही गोष्ट ती लग्नामुंजीपासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत कुठेही सांगायची.

"अगदी तंतोतंत जुळणारी सही दिसली की आधी संशय घ्यायचा," ती मला शिकवायची. "माणूस दर वेळी थोडा वेगळा असतो. यंत्र नसतं." या नजरेच्या जोरावर तिने जुन्या पुस्तकवाल्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. कपाटात एकही खोटी सही नाही, हा तिचा अभिमान. तो तिच्या नाकावर चष्म्यापेक्षा घट्ट बसलेला होता.

कपाटाच्या मधल्या फळीवर एक जाड निळं पुस्तक होतं. अवकाशयात्रेसाठी निवडलेल्या पहिल्या तुकडीतल्या सहा जणांवरचं. आतल्या कोऱ्या पानावर त्यांच्या सह्या होत्या, पण पाचच. तळाला सहाव्याची जागा रिकामी. आत्याने या सहा जणांना घरातली नावं दिली होती, थोरला, अबोल, मिशीवाला अशी. ज्याची सही नव्हती तो "धाकटा". आणि प्रत्येक फोटोत दात काढून उभा असलेला तो "हसरा". हसऱ्याची सही पाचांत सगळ्यात देखणी होती. पुस्तक विकत घेण्याआधी आत्याने ती दुसऱ्या एका पुस्तकातल्या त्याच्या सहीशी भिंगाखाली ताडून पाहिली होती. वळणं तीच, पण दोन्ही सह्यांत माणसाच्या हातात पडतो तेवढाच फरक. आत्याने मान डोलावली होती. म्हणजे पासच.

त्या सहांपैकी आता धाकटाच तेवढा उरला होता, तोही नव्वदीला टेकलेला. पुस्तकं जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, आत्या त्याची जुनी सभासद. वाचनालयात त्यांचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि आत्याला सांगण्यात आलं होतं की सहाही सह्या झाल्या तर मधलं टेबल तुमचं. तेवढ्यात बातमी आली की धाकटा विज्ञान संग्रहालयात येणार आहे, तासभर बसून सह्या देणार आहे. आत्याचा जीव थाऱ्यावर राहिना. "या खेपेला नाही झाली तर कधीच नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

मी तिला गाडीतून घेऊन गेले. कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावर. अर्थात आम्ही जिन्याने गेलो, भिंतीला धरून. रांग लांबलचक होती. पुस्तक तिने मऊ पिशवीत घातलं होतं, पिशवी छातीशी, आणि कुणी जवळ आलं की अशी बघायची की तो मनुष्य आपोआप दोन पावलं मागे.

धाकटा टेबलामागे बसला होता. कोट मोठा झालेला, मान बारीक झालेली. शेजारी त्याची मुलगी पानं उघडून देत होती. आमची पाळी आली. आत्याने पान उघडलं आणि तळाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथे. नाव नको, शुभेच्छा नकोत. नुसती सही."

म्हाताऱ्याने सही केली नाही. त्याने पुस्तक जवळ ओढलं आणि एकेका सहीवरून बोट फिरवायला लागला, हात न धुता. आत्याने त्याला बेसिन दाखवलं नाही, यावरूनच तिची अवस्था ओळखा. हसऱ्याच्या सहीवर त्याचं बोट थांबलं. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"ही माझी आहे," तो म्हणाला.

बँकेत वयस्कर खातेदारांशी बोलायची त्या आवाजात आत्या म्हणाली, "ती त्यांची आहे. तुमची राहिलीय. ही बघा जागा."

"नाव त्याचं आहे. सही मी केलीय."

"शक्य नाही. मी ताडून पाहिलीय."

"कशाशी?"

"दुसऱ्या एका पुस्तकातल्या त्यांच्या सहीशी."

"मग तीही माझीच असणार," म्हातारा म्हणाला.

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. आत्याचे कान लाल झालेले मला मागून दिसले. मुलगी म्हणाली, "बाबा, लोक थांबलेत." पण त्याने समोरची कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि तिच्यावर हसऱ्याचं नाव लिहिलं. ओळ वाकडी, पण वळणं तीच. आत्याने पर्समधून भिंग काढलं. ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"त्या दिवशी त्याच्या मुलीचं शाळेत नाटक होतं," म्हातारा सांगत होता. "तिला झाडाचं काम मिळालेलं. नुसतं उभं राहायचं. पण बघायला जायचं म्हणून हा अडूनच बसला. प्रकाशकाचा माणूस पुस्तकांचे गठ्ठे घेऊन आलेला. मी म्हटलं, तू जा, तुझ्या सह्या मी करतो. त्याच्या करता करता काही पुस्तकांत माझीच राहिली." त्याने पेन खाली ठेवलं. "पुढच्या हिवाळ्यात सरावाच्या विमानातून गेला तो परत आला नाही. ते झाड बघून झालं होतं त्याचं, एवढंच समाधान. त्यानंतर त्याचं नाव मी आज लिहिलं."

आत्याने भिंग मिटलं. पुस्तक त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "आता तुमची करा. तुमच्या नावाने." त्याने केली. अक्षरं वाकडीतिकडी, ओळ खाली उतरत गेलेली. मग तिने विचारलं, "हा कागद तुम्हाला हवाय?" कार्यक्रमपत्रिका त्याने घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

गाडीत तिने पुस्तक मांडीवर धरलं होतं. मला म्हाताऱ्याचा राग आला होता. मुकाट्याने सही केली असती तर काय बिघडलं असतं? ऐकणारे होतेच किती, तीन-चार अनोळखी माणसं. मी तसं बोलूनही दाखवलं. "आत्या, मंडळात कुणाला काय कळणार आहे? पानावर सहा सह्या आहेत ना? मांड टेबलावर."

"मला कळलंय ना," ती म्हणाली.

घरी वडील वाटच बघत होते. सगळं ऐकून त्यांनी मिश्या पिळल्या. "म्हणजे ताई, तुझ्या बँकेत असे किती चेक पास झाले असतील?" मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. मला वाटलं, आता महिनाभराचा अबोला. पण ती त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "शाळेच्या नाटकात तू काय झाला होतास, आठवतं? ढग. बाबा आलेच नव्हते. मी एकटीच बघत होते." वडील उठून पाणी प्यायला गेले. ते बराच वेळ आलेच नाहीत. 

रात्रीतच तिने मंडळाला फोन करून खरं ते सांगून टाकलं. मंडळाने विचार केला आणि मधलं टेबल दुसऱ्या कुणाला दिलं. आत्याचं पुस्तक खिडकीजवळच्या कोपऱ्यात आलं. प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. आत्या नव्या साडीत कोपऱ्यातल्या टेबलामागे बसली होती, चेहऱ्यावर बँकेतला जुना कडकपणा.

काचेखाली निळं पुस्तक उघडं होतं. हसऱ्याच्या सहीशेजारी तिने एक पिवळी चिठ्ठी ठेवली होती. निवृत्त होताना उरलेलं पॅड तिने घरी आणलं होतं, वाण्याची यादी लिहायला, त्यातलीच. छापलेलं तसंच होतं: "सही जुळत नाही". आणि त्याच्या खाली हिरव्या शाईत, आपल्या आद्याक्षरांसकट, तिने लिहिलं होतं: "पास".