अक्काची किडनी

पोटाच्या उजव्या बाजूला खाली तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "अक्काले विचारा लागन." आमच्या शेजाऱ्यांची ही सवय भंडाऱ्यातल्या अख्ख्या गल्लीला पाठ होती. त्यांच्या थोरल्या बहिणीने त्यांना आपली किडनी दिली होती. ऐंशीच्या दशकात मुंबईला जाऊन असं ऑपरेशन करून आलेला माणूस म्हणजे नवलच. लोक मुद्दाम पाहायला यायचे. तेही हौसेने शर्ट वर करून टाके दाखवायचे. कोणी लोणचं पुढे केलं, की मात्र हात पोटावर जायचा.

मलाही बीपी, त्यांनाही बीपी. आमची गट्टी जमली ती त्यामुळेच.

एका पावसाळ्यात आम्ही दोघे नदीपलीकडच्या कारध्याला बारशाला गेलो. जेवणं होईस्तोवर वैनगंगा जुन्या पुलावरून वाहायला लागली. झालं, मुक्काम! तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, किडनीच्या गोळ्या खिशात आहेत, पण बीपीची डबी घरीच राहिली. संध्याकाळपर्यंत त्यांचं डोकं जड झालं.

ही गोष्ट घरात कळली मात्र, बीपीवाले किती आहेत ते उघड झालं. यजमानांनी आपली गोळी आणली, त्यांच्या सासूबाईंनी आपली, व्याह्यांनी तर अर्धी तोडून दिली. तबकात सुपारी यावी तशा गोळ्या पुढे आल्या. मीही माझी ठेवली. बीपीची गोळी ती बीपीची गोळी, असाच आम्हा सगळ्यांचा समज.

त्यांचा हात पोटावर गेला.

"माही किडनी असती तं कोनतीबी खाल्ली असती. अक्काची हाये. तिले कोनती सोसते, कोनती नाही, आपल्याले काय मालूम?"

व्याही रुसले. माझंही डोकं फिरलं. जीव जायची वेळ आली तरी तुमचा हेका सुटत नाही, असं मी सुनावलं. ते नुसते हसले, अळणी भात खाल्ला आणि भिंतीला टेकून बसले.

सकाळी पूल मोकळा झाला. पलीकडून पहिलं कोण आलं असेल? पदर खोचून, डबी मुठीत धरून अक्का! भर रस्त्यात तिने भावाला झापलं, "सांभाळाले देल्ली होती, गावोगाव हिंडवाले नाही." मुंबईच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरी एकही गोळी घ्यायची नाही, या बोलीवरच तिने किडनी दिली होती. भावाने बोली पाळली हे मी सांगितलं, तेव्हा बिचारीने डोळे पुसले.

पुढे काही वर्षांनी अक्का साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. आता हा माणूस खचणार, असं आम्हाला वाटलं. तेरवीनंतर मी त्यांच्याकडे गेलो, तर गोळीची वेळ झाली होती. एका हातात गोळी, दुसरा हात पोटावर.

"घे वं अक्का," म्हणाले आणि पाणी प्यायले.

त्यानंतर ती दोघं आणखी बरीच वर्षं जगली.