राजुरीच्या माळावरचं विमान

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, मुलाच्या फ्लॅटमध्ये, तेच कपाट आठवड्यात तिसऱ्यांदा आवरत होते. आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर हातांना काय करावं तेच सुचेना. टीव्हीपुढं बसले की उठत होते, उठले की कशासाठी उठले ते विसरत होते.

"वन्सं, पोराला शेड पायजे कांद्याला," वहिनी म्हणाली. "भंगारवाला बघून गेलाय. तुमाला त्या इमानातलं काय ठिवायचं आसंल तर येऊन न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आळेफाट्याला उतरले आणि तिथून राजुरी गाठली.

ते विमान माझ्या थोरल्या भावानं बांधलं होतं. दादा हवाई दलात फिटर होता. नोकरी संपवून गावी आला तो विमानाच्या नकाशांची एक गुंडाळी घेऊनच. दिवसा शेती करायचा आणि उरलेल्या वेळात शेडमध्ये लाकडाच्या पट्ट्या जोडत बसायचा. सहा वर्षं हे चाललं. एका माणसाचं विमान, लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं सुती कापड आणि पुढं जुन्या मोटारगाडीचं इंजिन. पंखांचं कापड मी शिवलं होतं. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. दादानं ते माळावर पळवून पाहिलं, दोनदा, तीनदा. मग उडवायचा दिवस ठरला आणि त्या दिवशी सकाळी पाहतो तर पुढचा लाकडी पंखा गायब. प्रोपेलरला सगळे पंखाच म्हणत. तो दादानं स्वतःच्या हातानं कोरला होता. कोणी नेला ते कधीच कळलं नाही. दादानं दुसरा कोरला नाही. शेडला कुलूप लावलं आणि त्यानंतर विमानाचं नावही काढलं नाही.

मला तेव्हा त्याचा फार राग आला होता. पुढं एका लग्नात, चार नातेवाइकांसमोर, मी त्याला म्हणाले होते, "पंख्याचं निमित्त झालं रे, तू भित्रा आहेस." तो हसला आणि जेवायला बसला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. ते वाक्य परत घ्यायचं राहूनच गेलं.

शेडमध्ये विमानावर गोणपाटांचा ढीग होता. एका पंखाचं कापड उंदरांनी कुरतडलेलं, चाकं बसलेली. मी गोणपाटं उचलायला लागले. भाचा दारात उभा होता. त्याला म्हटलं, "मला थोडा वेळ दे."

"काय करणार, आत्या?"

"नीट करणार."

त्यानं आत येऊन एक गोणपाट बाजूला ओढलं. मग म्हणाला, "उन्हाळी कांदा निघेस्तोवर. त्याच्यापुढं न्हाई जमायचं."

दिवाळी नुकतीच झाली होती. कांदा निघायला पाचेक महिने होते. मी मुलाला फोन करून कळवलं आणि तिथंच राहिले.

जुन्नरहून मिस्त्रीचाचांना बोलावलं. दादाला लाकूड रंधून देणारे तेच. आता सत्तरी ओलांडलेले, कानानं थोडे कमी. आम्ही जुनं कापड फाडून काढलं. चाचा पंखाच्या सांगाड्यावर बोटाची पेरं आपटत पुढं सरकत होते, बाजारात माठ वाजवून घ्यावा तसे. दोन्ही पंखांचा भार पेलणारी जी मुख्य तुळई, तिच्या मधल्या सांध्यावर थांबले. खिशातली सुरी काढून फटीत घातली आणि जरासा पीळ दिला. सांधा कोरड्या भाकरीसारखा उकलला.

"सरस मेलाय, ताई," चाचा म्हणाले. "ह्याच्यावर कोण बसला असता तर पंख वरच्या वर मिटले असते."

वहिनी चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवले आणि निघून गेली.

तुळई नव्यानं जोडायला चाचांना दीड महिना लागला. सरस वाळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा सांधा. ते थांबणं मला सोसवत नव्हतं. मी वाळत ठेवलेल्या सांध्याला सारखी बोटं लावून बघायची. शेवटी चाचांनी मला चाकांच्या कामाला लावलं. ते झाल्यावर शेपटीच्या तारा घासत बसले. ऊसतोड चालू होती, बिबट्या उघड्यावर आलेला, म्हणून दिवस कलायच्या आत शेड बंद करावी लागे. मग घरात मी येरझाऱ्या घालायची. वहिनी म्हणायची, "बसा की वो जरा. तुमचं बघून मलाच धाप लागती."

पौषात कापडाचं काम आलं. पंख उभा करायचा, त्याच्यावर कापड ताणायचं आणि आतल्या प्रत्येक फासळीशी ते दोऱ्यानं टाचायचं. त्यासाठी हातभर लांबीची सुई लागते आणि दोन माणसं, पंखाच्या दोन्ही बाजूंना एकेक. एकानं सुई आरपार घालायची, दुसऱ्यानं ओढून परत पाठवायची. चाचांना बारीक दोरा दिसत नव्हता. वहिनी स्वतःहून येऊन पलीकडं बसली.

आम्हांला एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं, मधे पांढरं कापड. सुई जायची, यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी सुई तिकडं गेली ती परत आलीच नाही.

"वहिनी?"

"वन्सं, तो पंखा मी नेला व्हता."

ती सांगत राहिली. पोरगं तेव्हा वर्षाचं होतं. उडायच्या आदल्या दिवशी, दादा आळ्याच्या बाजारात गेलेला असताना, तिनं पान्यानं पंखा सोडवला, घोंगडीत गुंडाळला आणि भेटायला आलेल्या तिच्या भावाबरोबर माहेरी धाडून दिला. मशीनचा भाग आहे, जपून ठेव, एवढंच त्याला सांगितलं.

"दादाला कधी कळलं नाही?"

"त्यांना ठावं व्हतं. आठ दिवसांनी जेवताना म्हणले, दुसरा केला तर तोबी नेशील. मी म्हणलं, नेईन. मग कोणाला बोलले न्हाईत. तुमालासुदिक."

मला त्या लग्नातलं त्याचं हसणं आठवलं. पलीकडून वहिनीचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"मिस्त्री म्हणले तसं झालं असतं का वो तवा? पंख मिटले असते?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तू त्याला वाचवलंस, एवढंच म्हणायचं. पस्तीस वर्षांचं ओझं उतरलं असतं तिचं. पण सरस तेव्हा नवा होता. तो पुढं कुठल्यातरी उन्हाळ्यात सुकला असणार.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तेव्हा सांधा पक्का असेल. कदाचित नीट उडालं असतं."

मग कापडातून सुई बाहेर आली.

"खरं बोललात ते बरं झालं," ती म्हणाली. "ओढा."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी भाच्याच्या जीपमधून तिच्या माहेरी गेलो. घोडेगाव, डिंभ्याचं धरण, तिथून भीमाशंकरच्या अंगाला वर. तिच्या भावानं माळ्यावरून, भाताच्या कणग्यांमागून, घोंगडीचं गाठोडं खाली दिलं. चुलीच्या धुरानं पंखा काळा पडला होता, पण कीड नव्हती. येताना वहिनीनं तो मांडीवर आडवा धरला. एक टोक खिडकीबाहेर होतं.

इंजिन आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्यानं चालू करून दिलं. उडवायचं नाही हे सगळ्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं. परवानगी नव्हती आणि मला उडवता येतच नव्हतं. फक्त माळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालवायचं.

कांदा काढायच्या आठवडाभर आधी, सकाळी, विमान माळावर आणलं. चाचांनी पंख्याला झटका दिला. आवाजानं शेजारची गुरं उधळली. मी आत बसले होते, पदर कमरेला घट्ट खोचून. चाचा पंखाच्या टोकाला हात लावून बरोबर चालत होते. शंभर पावलं अशी गेली. मग त्यांना दम लागला आणि त्यांनी हात सोडला.

रेसची दांडी माझ्या डाव्या हाताखाली होती. ती मी पुढं ढकलली.

माळ पायांखालून पळायला लागला. ढेकळांचे हादरे आधी वाढले, मग कमी कमी होत गेले. मागची शेपटी आपोआप उचलली गेली आणि विमानाच्या नाकाआड लपलेली समोरची जमीन एकदम दिसली, बांधावरची बाभळ, तिच्यापलीकडं ऊस. कितीतरी महिन्यांनी माझे हात अगदी स्थिर होते. अजून जरा, असं कुणीतरी माझ्या आत म्हणत होतं. बाभळ मोठी होत होती. मी दांडी मागं ओढली. शेपटी आपटली, विमान गर्रकन अर्धं फिरलं आणि धुळीत थांबलं.

वहिनी माळ ओलांडून पळत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं माझा दंड धरला, बोटं रुतेपर्यंत.

"काय झालं? काय झालं वो?"

"हात सटकला," मी म्हणाले.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि चाकं तपासायला वाकले.

त्या आठवड्यात शेड कांद्यानं भरली. भाच्यानं घरामागं पत्रे टाकून विमानाला जागा केली. पंख उतरवून बाजूला उभे केले, त्यांच्यावर वहिनीनं जुनी लुगडी पांघरली. मी पुण्याला परतले. आता दर पंधरा दिवसांनी जाते, कधी दोरा सैल झालाय म्हणून, कधी काहीच कारण नसताना. वहिनी भाकरी वाढते, मी जेवते. दरवेळी ताटावर बसले की तिला खरं काय ते सांगायचं ठरवते. अजून सांगितलेलं नाही.